धणे

केळुसकरांनी ग्लास उजेडाकडे धरला. गव्हाची बिअर हवी तेवढी गढूळ होती, फेसही दाट. डोळ्यांचं काम झालं. आता नाकाचं, आणि नाक तर मागच्या तापातच गेलं होतं. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. परवा दूध करपलं तेव्हा ते गॅसशेजारीच पेपर वाचत होते.

"बोला केळुसकर," मालक म्हणाले. "तुमच्या नाकावर ब्रूअरी चाललीय आपली. तुम्ही हो म्हणालात, तरच आज पाहुण्यांना पाजतो."

त्यांनी घोट घेतला. गार लागलं. मग वर्षानुवर्षांचं पाठांतर म्हटलं, "आधी संत्र्याची साल, मागून धणे, शेवटी लवंगेचा चटका. कडक आहे, पण अंगावर येत नाही. बेल्जियमवाले रडतील."

मालक खूश होऊन गेले. बिअर बनवणारी रेणुका मात्र जागची हलली नाही.

"सर, यात धणे घालायचेच राहिलेत. तुम्ही पकडाल म्हणून गप्प राहिले."

संध्याकाळी मालकांनी केळुसकरांचे शब्द पाहुण्यांना ऐकवले. एकेकाने घोट घेऊन डोळे मिटले. सगळ्यांना धणे लागले.

कोपऱ्यात केळुसकरांनीही पुन्हा एक घोट घेऊन पाहिला. गार लागलं.