सात नंबरची कानस

“गॅस चालू आहे आत,” तो माणूस तिसऱ्यांदा म्हणाला. “दूध ठेवलं होतं. जरा लवकर होतंय का बघा.”

चावीवाला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दारापुढे गुडघे टेकून बसला. पिशवीतलं फडकं पसरून त्यावर त्यानं तारा मांडल्या. लॅच होतं; दार ओढलं की आपोआप बंद होणारं. दहा मिनिटांचं काम आहे, असं त्यानं सांगितलं. सव्वीस वर्षांत आपली तार कधी तुटली नाही, हेही सांगून टाकलं. हे तो प्रत्येक दारापाशी सांगायचा. कुणी विचारलंय का तुम्हाला, असं बायको म्हणायची.

ती दुकानात बसायची. जागा कुठली, मजला कितवा, बोलावणारा कोण, हे वहीत उतरवल्याशिवाय ती नवऱ्याला दुकानाची पायरी उतरू देत नसे. एकदा एका भामट्यानं त्याच्याकडून भलत्याचंच घर उघडून घेतलं होतं. तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत होती.

माणसाच्या खांद्याला लहान मुलीचं दप्तर होतं. एक पट्टा शिवणीतून उसवून लोंबत होता. मुलगी गणितात नापास झाली, रडारड झाली, आपण खाली राहिलेलं दप्तर आणायला गेलो तेवढ्यात तिनं दार ओढून घेतलं, असं तो सांगत होता. चावी आतच राहिली होती.

चावीवाल्यानं मुलगी कितवीत आहे म्हणून विचारलं.

“दुसरी ब. हजेरी क्रमांक एकोणतीस. रक्तगट ओ पॉझिटिव्ह,” माणूस म्हणाला. “काही झालं तर माहीत असलेलं बरं. काळजी वाटते हो.”

“धन्य आहे तुमची. माझी पोरगी कितवीत आहे ते मला बोटांवर मोजावं लागतं. बाकी सगळं तिच्या आईला ठाऊक.”

माणूस हसला. मग त्यानं दारावर थापा मारल्या आणि मुलीला हाक मारली, पूर्ण नाव घेऊन, आडनावासकट.

चावीवाल्यानं चावीच्या भोकाला नाक लावलं. गॅसचा वास तर येत नव्हता. मग त्यानं कान लावला. दारापलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी भराभरा श्वास घेत होतं.

“शब्द काय?” आतून बारीक आवाज आला.

“कसला शब्द? दार उघड बाळ,” माणूस म्हणाला.

“शब्द सांगा. आईनं सांगितलंय.”

माणसानं चावीवाल्याकडे बघून डोळा मिचकावला. मायलेकींचा खेळ आहे, म्हणाला. शाळेनं पालकांना बोलावून काहीबाही शिकवलं, तेव्हापासूनचं हे खूळ. दर सोमवारी शब्द बदलतात, कोण लक्षात ठेवणार? त्यानं अंदाजानं दोन-तीन शब्द टाकून पाहिले. मांजर. गुलाब. चॉकलेट. दर वेळी आतून “नाही” आलं, आणि तिसरं “नाही” रडवेलं होतं.

चावीवाल्याला ते ऐकवेना.

“पोरीचं काय ऐकत बसलाय? हात चालवा,” माणूस खाली वाकून म्हणाला. तेवढ्यात दप्तर त्याच्या खांद्यावरून घसरलं आणि चावीवाल्याच्या तोंडासमोर आलं. झाकणावर एक कागद होता, वरून चिकटपट्टी मारलेला. नाव, आडनाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, रक्तगट, पत्ता. बाईमाणसाचं वळणदार अक्षर. असाच कागद त्याच्या स्वतःच्या पोरीच्या दप्तरावरही होता. बायकोनं हौसेनं लिहून चिकटवला होता.

त्यानं मान खाली घातली. तार आत सरकवली, वळवली. कट् असा आवाज झाला.

“तुटली,” तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. हात हलला, चुकलंच, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. तुकडा आत अडकलाय, आता खरी चावी आणली तरी शिरायची नाही.

माणसाचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. त्यानं पिशवीतल्या हातोड्याकडे बघितलं. चावीवाल्यानं पिशवी मांडीखाली ओढून घेतली आणि दारं फोडायला लागलो तर धंदा बसेल, असं काहीतरी बडबडत फोन लावला.

“अगं, तार तुटली. सात नंबरची कानस पाठव. हो, वहीत लिहिलंय तिथंच. आत पोर आहे, लवकर पाठव.”

बायकोनं एक अक्षरही विचारलं नाही. एरवी ती दहा प्रश्न विचारायची.

चावीवाला दाराला पाठ टेकून बसला. आपणही गणितात कच्चे होतो, सातच्या पाढ्याला हमखास मार खायचो, असं तो सांगायला लागला. माणूस जिन्याकडे जाऊन डोकावला, परत आला, आणि त्यानं चावीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“तोंड बंद ठेवा,” तो हळू आवाजात म्हणाला. हात त्यानं काढला नाही.

आता चावीवाल्याला उघड उघड भीती वाटत होती. दाराच्या पलीकडे मुलगीही टेकून बसली असावी. तिचे हुंदके त्याच्या पाठीला कळत होते.

शेवटी जिन्यात पावलं वाजली.

“आली तुमची कानस,” माणूस म्हणाला.

आधी दोन पोलीस वर आले. त्यांच्यामागून धापा टाकत चावीवाल्याची बायको आली, रिकाम्या हातांनी.

चावीवाल्यानं मान वळवून दाराच्या फटीपाशी तोंड नेलं. “दार उघडू नकोस हं बाळ. आई येऊन शब्द सांगेल तेव्हाच उघड. मी म्हटलं तरी नाही.”

सात नंबरची कानस नसतेच. तो त्या नवराबायकोचा शब्द होता.