रुमालाचा रंग

आमचे हे उर्से फाट्यावरच्या गॅरेजात गाड्यांना हवेच्या गनने रंग मारायचे. नाकातोंडाला रुमाल बांधायचे, तेवढाच आडोसा. संध्याकाळी तो रुमाल धुवायला घेतला की दिवसभर काय रंगवलं ते मला कळायचं. हिरवं पाणी निघालं तर ट्रॅक्टर, पिवळं निघालं तर जेसीबी. पुढे पुढे त्यांच्या खोकल्यातूनही रंगच पडायला लागला. जाण्याआधी त्यांनी आमच्या पवनला जवळ बसवून सांगितलं, "कायबी काम कर, पण गन हातात धरू नको."

पवन त्याच गॅरेजात लागला. पण आत नाही, बाहेर टेबलावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचं काम, असं त्यानंच मला सांगितलं. तरी त्याचा रुमाल मी रोज स्वतः धुते. रुमाल पांढराशुभ्र असतो. खळ घातल्यासारखा जरा कडक लागतो, एवढंच. वाळत घालताना माझा जीव भांड्यात पडतो.

आज सकाळी पवन खोकत खोकतच कामावर गेला. मी रुमाल पिळता पिळता सुनेला म्हणाले, "चैताली, रस्त्याची धूळ बाधली गं त्याला. पण रंग तर न्हाई ना, हेच लय झालं."

ती माझ्या हातातल्या रुमालाकडे बघत राहिली.

"आई, हल्ली लोणावळ्याच्या टुरिस्ट गाड्याच येतात ओ रंगायला. सगळ्या पांढऱ्याच असतात."