लाल विमान

अणदूरच्या रेवणसिद्ध सुतारानं पेपरातला फोटो बघून शर्यतीच्या विमानाचा हातभर लांब नमुना करायला घेतला. सावरीचं हलकं लाकूड तासून, काचकागदानं घासून, वर लाल रंगाचे तीन हात देऊन तीन महिन्यांत त्यानं तो पुरा केला. पहिल्याच खेपेला रबराच्या पिळावर विमान असं सुसाट सुटलं, की थेट पोलीस चौकीत शिरून जमादार इनायतखाँच्या चहाच्या बशीतच उतरलं.

हिंदुस्थानची फौज कधी चालून येईल याचा नेम नसल्यानं निजामाच्या मुलखात तेव्हा विमानाचं नाव काढायचीही धास्ती होती. "चौकीत विमान उतरलंय, वर कळवावंच लागतंय," म्हणत जमादारानं ते कुलपात टाकलं आणि रपट धाडली, 'एक लाल विमान पकडलं.' रेवणसिद्धाला घास गोड लागेना.

आठवड्यानं जमादारच घामाघूम होऊन त्याच्या दारात उभा राहिला. हातात वरच्या कचेरीचा हुकूम होता, 'शाबास! आता पायलटला ताबडतोब हजर करा.'

"रपटीत लांबी लिवायची राहिली रे," जमादार काकुळतीला आला.



"रेवणसिद्धा, चार बोटांचा का हुईना, एक पायलट तासून दे बाबा!"