को कोंबडीचा

“को कोंबडीचा, खो अंड्याचा, मो घोड्याचा…” विहारातले म्हातारे भिक्खू डोळे मिटून थाई मुळाक्षरं म्हणायचे आणि मागून सगळी पोरं सूर ओढायची. पन्नास वर्षं झाली, शाळेत शिकवणाऱ्या साईबुआबाईंच्या कानातून तो सूर गेला नव्हता.

आता तोच सूर टॅब धरायचा. कार्डावर चित्र नसे, नुसतं अक्षर. वर टॅब धरला की पडद्यात कोंबडी उठून उभी राही, पंख फडफडवी, आणि आतला आवाज म्हणे, को कोंबडीचा. डोंगरावरच्या त्या अकरा पोरांच्या शाळेला जिल्ह्याने एकच टॅब दिला होता, तोही अटीवर. पहिलीत वाचता न येणारं एक तरी मूल असेल तोवर तो राहील. मग खालच्या गावाला जाईल.

यंदा असं मूल एकच होतं. फाय. पहिलीत दुसऱ्यांदा बसलेली.

शाळा सुटली की ती एकटी मागे राही. कार्डांवरून टॅब फिरवी. घोडा खिंकाळला की बाई म्हणत, “मो.” कोंबडीने कॉक-कॉक केलं की म्हणत, “को.” मग वह्यांचा ढीग पुढ्यात घेऊन दोघी बसत. बाई थकल्या होत्या. दीड वर्ष ढकललं की निवृत्ती. त्या आधीच गेल्या तर त्यांच्या जागी इथे कुणी येणार नव्हतं, शाळेला कुलूप लागणार होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

बाजारात भात विकून रिकामी टोपली घेऊन फायची आजी तिला न्यायला येई. नातीची बोटं बघून रोज तेच बोले. “अक्षर एक येईना, नि तांबडी शाई जशी हिलाच पाजलीय.”

फाय बोटं परकराला पुसे. बाई हसत नसत.

शुक्रवारी तपासनीस विरोतसाहेब आले. आजीलाही बोलावलं होतं. टॅब बाजूला सारून साहेबांनी नुसतं कार्ड फायसमोर धरलं.

“अंडं,” फाय म्हणाली.

ते को होतं. पोरं खुसखुसली. दुसऱ्या कार्डाला ती म्हणाली होडी, तेही चुकलं. तिसऱ्याला तिने मान खाली घातली.

साहेब वाईट नव्हते. हिला शहरातल्या खास शाळेत घालू, वसतिगृहात राहील, महिन्याकाठी एकदा घरी येईल, असं त्यांनी आजीला सावकाश समजावलं. आजी टोपलीची सुटलेली काडी मोडत राहिली.

साहेबांनी कागद बाईंपुढे केला. आजीलाही कळू दे, म्हणत बाईंनी तो साहेबांनाच मोठ्याने वाचायला लावला. मुलीला वाचता येत नाही, असं शिक्षिका या नात्याने मी लिहून देते, एवढाच मजकूर होता.

साहेबांनी सहीची रेघ दाखवली. बाईंचं पेन कागदाच्या दोन बोटं वर थांबलं. फायने बाईंच्या नेसूचा काठ मुठीत धरून हळूच दोनदा ओढला.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“साहेब, पोरीला सगळं वाचता येतं. टॅब माझ्याजवळ राहावा म्हणून मुद्दाम चुकते. गेल्या पावसाळ्यापासून सगळ्यांच्या वह्या तीच तपासते. मला दिसत नाही.”