सवतीचं तोंड

“नाक फेंदारं काढा,” तानाबाई म्हणाली.

हुपरीच्या गुंडू कारागिरानं चष्म्यावरून वर बघितलं. त्याच्या चिमटीत चांदीचा टाक होता, अंगठ्याच्या नखाएवढा. पहिली बायको मेली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात बांधायचा, म्हणजे ती छळत नाही. अठरा वर्षं तानाबाईच्या छातीवर घासून अंबूबाईचं तोंड पार सपाट झालं होतं.

“नवा करायचा तर नीट सांगा, बाई. दिसायला कशी व्हती?”

“दात फुडं. कपाळ एवढंसं.”

सांगताना तिच्या जिवाला गार वाटत होतं. अंबूबाईला तिनं कधी बघितलंच नव्हतं. पण मेल्यावरही ती गावाला दिसायची थांबत नव्हती. ऐन दुपारी ओढ्यावर उभी राहते म्हणे. वाटसराला म्हणते, “पावणं, घागर उचलू लागता?” आणि हसते. हसली की हनुवटीवरचा तीळ हलतो, डाव्या अंगाचा. डेअरीला दूध घालायला जाणाऱ्यांना दिसली, एस्टीच्या कंडक्टरला दिसली. गावात केबल आली, पण ही बया ओढ्यावरनं हलली नाही. जो तो थरथरत यायचा आणि वर सांगायचा, काय देखणी हो! बाविसाची मेली, अजून बाविसाचीच. तानाबाईनं चार बाळंतपणं काढली, म्हशींची शेणं काढली, दात पडले. तिला बघून कधी कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

“तशी न्हवती ती,” दारात बसलेला तिचा नवरा, सयाजी, एकदम बोलला.

तानाबाई गर्रकन वळली. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं अंबूबाईचा विषय काढला होता.

“मग कशी व्हती? सांगा की! तुमचीच लाडकी!”

सयाजीनं तोंड उघडलं. आढ्याकडं बघितलं, टाकाकडं बघितलं.

“गोरी व्हती... म्हंजे, सावळीच. नाक...” हात स्वतःच्याच नाकापाशी जाऊन थांबला. तो ओशाळं हसला. “न्हाय येत ध्यानात. लई सालं झाली की.”

आणि त्यानं तंबाखूची पिशवी काढली.

तानाबाई जिंकली होती. आता ती म्हणेल ते नाक. तंबाखू मळत तळहातावर फिरणाऱ्या त्याच्या अंगठ्याकडं ती बघत राहिली.

“फेंदारंच न्हवं, बाई?” गुंडूनं छिन्नी उचलली.

“न्हाय. सरळ काढा. हसरी पायजे. आन् हनुवटीवर तीळ घाला. डाव्या अंगाला.”