अजून एक फोटो

निपाणीच्या घराच्या गच्चीवर सासूबाईंची पंचाहत्तरी. सोनलनं कलिंगड कोरून कमळ केलेलं, मातीच्या बोळक्यांत पन्हं भरलेलं, कांदा-लसूण तर नाहीच, कटलेटंसुद्धा बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची. "सून असावी तर अशी!" आलेल्या बायका म्हणाल्या.

सुनेच्या सांगण्यावरून चंपाबाईंनी सकाळपासून पोट रिकामं ठेवलं होतं. त्यांचा हात ताटाकडं गेला की सोनल म्हणायची, "थांबा आत्ती, अजून एक फोटो."

"आटप गं. दिवस बुडाला की मला घास चालत न्हाय, ठाऊक हाय न्हवं?"

"व्हय, ठाऊक हाय की."

दिवस बुडाला. सोनलनं बटण दाबलं आणि गच्चीभर लावलेल्या दिव्यांच्या माळा लखलखल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गलक्यात तिनं वाकून सासूपुढचं ताट उचललं.

"मी पोटुशी होते. चिकोडीच्या बसनं उशिरा आलते. माझ्यापुढचं ताट असंच उचलून काय म्हणाला होतासा, आत्ती?"

चंपाबाईंनी ताटाकडं नेलेला हात मागं घेतला.

"दिवे लागले, आता उद्या." सोनलनं त्यांचेच शब्द त्यांना वाढले.