तेराव्या महिन्यातली तारीख

हिवोतने तिसऱ्यांदा नाव टाकलं: अक्लिलू वोल्दे. संगणकाचा पडदा पांढरा झाला आणि पुन्हा तेच वाक्य आलं. सर्व्हरमध्ये बिघाड, क्रमांक पाचशे.

"बघ!" देसे शहराच्या दफ्तरखान्यातले जुने कारकून शिफेराव म्हणाले. "जेलच्या रजिस्टरातली चार हजार नावं उघडतात, हे एकच नाही. आस्नाकेच, तुझ्या भावाला तेव्हा सरकार घाबरायचं, आता मशीनपण घाबरतंय."

बाकावरची आस्नाकेच हसली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर या नोंदी लोकांसाठी खुल्या झाल्या, तेव्हापासून ती दर शुक्रवारी येत होती. शिपाई अक्लिलूला घेऊन गेले तेव्हा तो अठराचा होता आणि ती बाराची. पुढे काहीच कळलं नाही. आई वाट बघून गेली. चाळीसहून जास्त वर्षं झाली, आता आस्नाकेचला फक्त त्याच्या मरणाची तारीख हवी होती. तारखेशिवाय चर्चमध्ये स्मरण कोणत्या दिवशी करायचं?

घरात त्याचा फोटोही नव्हता. नव्या वर्षाच्या सकाळी सगळेच मुलगे स्वतः काढलेली चित्रं घरोघरी वाटतात, पण अक्लिलू सूर्याला मिशा काढायचा. ती चित्रं शिपायांनी झडतीत नेली. त्या मिशांसाठी तिचा जीव अजून तुटायचा.

हिवोत राजधानीहून हा बिघाड काढायला आली होती. तिने सर्व्हर बंद करून चालू केला. तात्पुरत्या फायलींचा साठलेला कचरा पुसला. काही फरक पडला नाही. मग तिने सर्व्हर स्वतःच्या चुका जिथे लिहून ठेवतो ती यादी उघडली आणि ओळीओळीने वाचत गेली. प्रत्येक वेळी बोट एकाच रकान्यावर येत होतं.

"तारीख तुम्ही भरलीत?"

"मीच. रजिस्टरात होती तशीच. मग सगळी यादी एकगठ्ठा चढवली आणि रजिस्टरं राजधानीला गेली; चार हजारांतलं एकेक कुठे लक्षात राहतं?"

"महिना तेरावा लिहिलाय."

"मग? आपलं वर्ष तेरा महिन्यांचं, पागुमे तेरावाच ना?"

"अहो, हे सॉफ्टवेअर परदेशातलं आहे. त्याला बाराच महिने माहीत. तेरावा वाचताना ते कोसळतं."

"मग अडाणी ते, मी कशाला?" शिफेराव फणकारले.

हिवोतला हसू फुटलं. तिने तो रकाना अंकांऐवजी अक्षरांत लिहिला आणि पान पुन्हा उघडलं. या वेळी उघडलं. तिने हसतच वाचायला घेतलं.

"अक्लिलू वोल्दे. वय अठरा. तारीख पागुमे पाच, एकोणीसशे एकोणसत्तर. शेरा..." ती आस्नाकेचकडे वळली. "एमामा, इथे 'सुटका' लिहिलंय."

आस्नाकेच उठून पडद्याजवळ आली. "चूक असेल. सुटला असता तर घरी आला नसता का?"

शिफेरावांनी चष्मा काढला. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "सुटलेल्यांच्या मागावर तेव्हा माणसं असायची, आस्नाकेच. जो घरी गेला, त्याने घरच्यांनाही अडकवलं. शहाणी पोरं रातोरात सरहद्दीकडे गेली."

"म्हणजे जिवंत होता?"

"त्या दिवशी तरी होता."

आस्नाकेच बोटांवर काही मोजू लागली. मोजण्यासारखं फार नव्हतं. पागुमे महिना पाचच दिवसांचा, म्हणजे तो वर्षाचा शेवटचा दिवस.

"दुसऱ्या दिवशी नवं वर्ष," ती म्हणाली. "पोरी, मुलगे चित्र कसं देतात गं?"

"हातात देतात, एमामा. आणि खाऊला पैसे मिळेपर्यंत हलत नाहीत."

"हो ना. आणि त्या नव्या वर्षाच्या सकाळी आमच्या दाराखालून एक घडी केलेला कागद कोणीतरी आत सरकवला होता. दार उघडलं, तर गल्लीत कोणी नाही." तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "आईला कॉफी हवी होती, लाकडं पेटत नव्हती. मी तो न उघडताच चुलीत घातला."